ताणलेल्या स्क्रीनवर काउंटर-स्ट्राइक बसवताना

ताणलेलं रिझोल्यूशन, म्हणजे ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर कडेपर्यंत ओढून खेळणं. ते लावायला पाच मिनिटं पुरतात. ते नीट लागलंय की नाही हे कळायला मात्र कधीकधी महिना जातो. समोरचा खेळाडू रुंद दिसला की काम झालं असं वाटतं, आणि मागे मॉनिटर २४० हर्ट्‌झवरून गुपचूप ६० वर उतरलेला असतो, म्हणजे सेकंदाला २४० ऐवजी ६० वेळाच चित्र बदलत असतो. काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेमसाठी ही मांडणी मी वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांवर आणि लॅपटॉपवर करून पाहिली आहे. तीच प्रक्रिया इथे लिहितोय. जिथे हमखास घोळ होतो तिथे जास्त वेळ थांबेन, बाकीचं पटकन उरकेन.

आधी चित्राचं नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतलेले आहेत. काउंटर-स्ट्राइकमध्ये उभा दिसणारा कोन ७३.७४ अंश असतो आणि चित्राच्या रुंदी-उंचीचं गुणोत्तर बदललं तरी तो हलत नाही. आडवा कोन मात्र गुणोत्तरावर ठरतो: १६:९ ला १०६.२६ अंश, १६:१० ला सुमारे १००.४ आणि ४:३ ला बरोबर ९०. म्हणजे ४:३ निवडलं की दोन्ही कडांवरून आठ-आठ अंशांचं चित्र कापलं जातं. उरलेलं चित्र १६:९ च्या पडद्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलं की प्रत्येक वस्तू आडवी १.३३ पट होते. उंची होती तेवढीच राहते.

आता एक खेळाडू समोर उभा करू. या गेममध्ये खेळाडूची टक्कर मोजायची चौकट ३२ युनिट (गेममधलं अंतराचं माप) रुंद असते. हजार युनिटांवर, पडद्याच्या मधोमध, १९२०×१०८० ला ती चौकट २३ पिक्सेल भरते. २४ इंची मॉनिटरवर पट्टी धरली तर हे सुमारे ६.४ मिलिमीटर होतात. ४:३ ताणून लावलं की तीच चौकट ३१ पिक्सेल, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर दिसते. सगळा खटाटोप या दोन मिलिमीटरांसाठी आहे. लांबच्या कोपऱ्यात फक्त डोकं आणि एक खांदा दिसत असेल, तर तेवढे दोन मिलिमीटर डोळ्याला खरंच लागतात.

पण इथेच सगळ्यात मोठा गैरसमजही आहे. हाच खेळाडू एके-४७ घेऊन आडवा धावला तर त्याचा वेग सेकंदाला २१५ युनिट असतो. मूळ रिझोल्यूशनला तो सेकंदाला १५५ पिक्सेल सरकतो, ताणलेल्या चित्रात २०६. रुंदी जितकी वाढली तितकाच वेगही वाढला. त्याची पूर्ण चौकट तुमच्या क्रॉसहेअरखालून, म्हणजे पडद्याच्या मधल्या नेमाच्या खुणेखालून, जायला दोन्हीकडे ०.१५ सेकंदच लागतो. हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागण्याची हद्द, गेमच्या जगात आहे तेवढाच राहतो, पडद्याच्या रुंदीशी त्याचा काहीही संबंध नाही. त्यामुळे ‘ताणलं की मारणं सोपं होतं’ हे मला पटत नाही. थांबलेलं किंवा हळू सरकणारं डोकं ओळखणं सोपं होतं, आणि क्रॉसहेअर डोक्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे लवकर कळतं. आडव्या धावणाऱ्या माणसामागे फिरताना मात्र चित्र जास्त वेगवान वाटतं, आणि नव्याने बदल करणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात तिथेच चुकतात.

ताणून खेळायची ही सवय आली सीआरटी, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांच्या काळातून. ते मॉनिटर मुळात ४:३ होते आणि ओळी कमी केल्या की जास्त रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग) देत. म्हणून काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणारे ६४०×४८० किंवा ८००×६०० वर राहत. रुंद पडदे आले तरी हाताला आणि डोळ्याला सवय ४:३ ची, म्हणून ते चित्र ताणून वापरायला सुरुवात झाली.

रिझोल्यूशन निवडताना बहुतेक जण थेट १२८०×९६० घेतात. १०८०पी (१९२०×१०८०) मॉनिटर असेल आणि कार्डाला झेपत असेल तर मी १४४०×१०८० च सुचवेन, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. १२८०×९६० चं चित्र १९२०×१०८० वर नेताना आडवं १.५ पट आणि उभं १.१२५ पट करावं लागतं. दोन्ही दिशांना पिक्सेलची सरमिसळ होते, म्हणून सगळंच मऊ दिसतं. १४४०×१०८० मध्ये उभ्या दिशेला एकास एक पिक्सेल बसतो, फक्त आडवं १.३३ पट होतं. शिवाय वरच्या उदाहरणातल्या खेळाडूला गेम १४४०×१०८० मध्ये २३ खरे पिक्सेल देतो, म्हणजे १९२०×१०८० इतकेच. १२८०×९६० मध्ये ते साडेवीसवर येतात, १०२४×७६८ मध्ये जेमतेम सोळा. रुंदी सगळीकडे सारखीच दिसते, पण त्या रुंदीत भरलेला तपशील सारखा नसतो. २५६०×१४४० च्या मॉनिटरवर हाच हिशेब १९२०×१४४० ला लागू होतो. कडा कापलेल्या सहन होत नसतील त्यांनी १६:१० मधलं १६८०×१०५० करून पाहावं. त्यात ताण फक्त १.११ पट असतो आणि प्रत्येक बाजूचे तीनेक अंशच जातात.

आता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडिया कार्डावर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून कंट्रोल पॅनेल उघडायचं. ‘चेंज रिझोल्यूशन’ च्या यादीत हवं ते रिझोल्यूशन मॉनिटरच्या पूर्ण रिफ्रेश रेटसह आधीच आहे का ते पाहायचं. असेल तर नवीन काही बनवायला जाऊ नका. नसेल तर ‘कस्टमाइझ’ मध्ये जाऊन ‘क्रिएट कस्टम रिझोल्यूशन’, तिथे आडवे १४४०, उभे १०८०, रिफ्रेश रेटच्या जागी मॉनिटरचा खरा आकडा, रंगाची खोली ३२ बिट, टायमिंग ऑटोमॅटिक, आणि मग ‘टेस्ट’. पडदा काळा पडला तर काही दाबू नका, थोड्या सेकंदांत तो आपोआप जुन्या स्थितीत येतो. ऑटोमॅटिकला मॉनिटर नकार देत असेल तर टायमिंगमध्ये ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ निवडून पुन्हा टेस्ट करायची.

मग ‘अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’. तिथे स्केलिंग मोड ‘फुल-स्क्रीन’, ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ च्या समोर ‘जीपीयू’ (म्हणजे ग्राफिक्स कार्ड), आणि खालची गेमने ठरवलेला स्केलिंग मोड डावलायची खूण चालू. ही शेवटची खूण लोक विसरतात आणि मग काळ्या पट्ट्या का जात नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच सगळं सेटिंग्जच्या डिस्प्ले पानावर आहे: ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करायचं आणि ‘स्केलिंग मोड’ मध्ये ‘फुल पॅनेल’ निवडायचं. ‘प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो’ राहिलं तर कडेला काळ्या पट्ट्या येणारच.

लॅपटॉपवर एक वेगळीच अडचण येते. एनव्हीडियाचं कंट्रोल पॅनेल उघडतं, पण त्यात डिस्प्लेचा विभागच नसतो. ड्रायव्हर बिघडलेला नाही. लॅपटॉपचा पडदा वेगळ्या कार्डाला नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, म्हणून ताणायचं कामही त्याच्याच सॉफ्टवेअरमधून होतं. इंटेल असेल तर इंटेलच्या ग्राफिक्स अ‍ॅपमध्ये डिस्प्लेखाली ‘स्केल’ आहे, तिथे ‘स्ट्रेच’ निवडायचं. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे पडदा कुठल्या ग्राफिक्सला जोडायचा ते बदलायची सोय, असेल तर तो वेगळ्या कार्डाकडे वळवून एकदा रीस्टार्ट केल्यावर एनव्हीडियाचा डिस्प्ले विभाग दिसू लागतो.

दुसरी अडचण फार वेगवान मॉनिटरांची. मॉनिटर डीएससी, म्हणजे सिग्नल दाबून पाठवायची पद्धत वापरत असेल, तर बऱ्याच एनव्हीडिया कार्डांवर कस्टम रिझोल्यूशन बनवू देत नाही. काही मॉनिटरांच्या मेनूत डीएससी बंद करता येतं. मात्र तसं केल्यावर सर्वोच्च रिफ्रेश रेट खाली येऊ शकतो, हे पाहून ठरवा.

गेममध्ये करायचं फार नाही. व्हिडिओ सेटिंग्जमध्ये डिस्प्ले मोड ‘फुलस्क्रीन’, गुणोत्तर ४:३, मग रिझोल्यूशन, मग रिफ्रेश रेट. ‘फुलस्क्रीन विंडोड’ वर ठेवलं तर गेम डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन वापरतो, आणि आपण केलेल्या बदलाचा काही परिणाम दिसत नाही. एएमडीचं ‘फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्यूशन’ बंद ठेवायचं. नाहीतर गेम आधी कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून मोठं करतो, मग कार्ड ते पुन्हा ताणतं, आणि दोनदा ताणलेल्या चित्रात लांबचं डोकं मागच्या भिंतीत विरघळून जातं. वाचलेली ताकद एमएसएएवर, म्हणजे कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगवर, खर्च करा. ४ पट ठेवलं तरी तिरक्या कडांच्या पायऱ्या बऱ्याच कमी होतात.

आता तपासणी. ही पायरी कृपा करून गाळू नका. डेस्कटॉपच तात्पुरता १४४०×१०८० वर नेऊन विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. तिथे दोन ओळी असतात. ‘डेस्कटॉप मोड’ म्हणजे विंडोज काढत असलेलं चित्र, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड’ म्हणजे केबलमधून मॉनिटरकडे जाणारं चित्र. कार्ड ताणत असेल तर पहिली ओळ १४४०×१०८० आणि दुसरी १९२०×१०८० दाखवते, दोन्हींपुढे पूर्ण हर्ट्‌झ. दोन्ही ओळींत १४४०×१०८० दिसलं तर ताणायचं काम मॉनिटर करतोय. स्वतः बनवलेल्या रिझोल्यूशनला असं कधीकधी होतं. अशा वेळी काळ्या पट्ट्या घालवायची जागा ड्रायव्हरमध्ये नसून मॉनिटरच्या बटणांच्या मेनूत असते. तिथे ‘अ‍ॅस्पेक्ट’ किंवा ‘१:१’ ऐवजी ‘फुल’ किंवा ‘वाइड’ निवडायचं. आणि कुठल्याही ओळीत ६० हर्ट्‌झ दिसले तर तिथेच थांबा. बरेच मॉनिटर स्वतःच्या यादीत १२८०×९६० फक्त ६० ला जाहीर करतात. तुम्ही हर्ट्‌झ हाताने निवडले नाहीत तर विंडोज तेच उचलतं. गेम आत कितीही फ्रेम काढत असला तरी पडदा सेकंदाला साठच दाखवतो. त्याचा दोष लोक ‘ताणल्यामुळे जड वाटतंय’ म्हणून रिझोल्यूशनला देतात. हाच आकडा गेम चालू असताना मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही एकदा पाहून घ्या. डेस्कटॉप बरोबर आणि गेम चुकीचा, असंही घडतं.

क्रॉसहेअर नव्याने बसवावा लागतो, आणि का ते जवळून पाहिलं की पटतं. दोन पिक्सेल जाडीचा साधा अधिक-चिन्हासारखा क्रॉसहेअर घ्या. १२८०×९६० मध्ये त्याची उभी रेघ ताणून तीन पिक्सेल रुंद होते, आडवी रेघ सव्वादोन पिक्सेल जाड. पाव पिक्सेल मॉनिटरला दाखवता येत नाही, म्हणून आडव्या रेघेच्या कडेला फिकट रंगाची एक पुसट ओळ येते. १४४०×१०८० मध्ये उलट होतं: आडवी रेघ अगदी धारदार राहते, उभी रेघ २.६७ पिक्सेल होऊन तिच्या कडा मऊ होतात. ठिपका वापरणाऱ्यांना तो आडवा लांबट दिसतो. मधली मोकळी जागाही डावी-उजवीकडे जास्त पसरते. जुन्या क्रॉसहेअरचा कोड जसाच्या तसा आणू नका. मोकळी जागा आणि लांबी एकेक पायरी कमी करा आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून पाहा. रडार अंडाकृती दिसतं, हातातली बंदूक फुगीर दिसते, ते सवयीचं होतं. ग्रेनेडच्या खुणा मात्र तपासा. क्रॉसहेअर भिंतीवरच्या डागावर ठेवून टाकायचा ग्रेनेड तसाच पडतो, कारण नेमाचा कोन बदललेला नाही. क्रॉसहेअरच्या रेघेचं टोक किंवा पडद्यावरचा एखादा आकडा खूण म्हणून धरला असेल तर ती खूण सरकलेली असते.

माउसबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि माझं उत्तर एकच आहे: सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे माउस सरकवल्यावर नजर किती वळते त्या सेटिंगला, हात लावू नका. ८०० डीपीआय (माउस एक इंच सरकल्यावर मोजल्या जाणाऱ्या पायऱ्या) आणि १ सेन्सिटिव्हिटीला पूर्ण गिरकीसाठी माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ताणण्याआधीही तेवढाच आणि नंतरही तेवढाच. बदलतो तो फक्त डोळ्याला जाणवणारा आडवा वेग, कारण तेवढ्याच कोनात आता जास्त पिक्सेल पळतात. काही जण आडव्या दिशेचा गुणक, जो मुळात ०.०२२ असतो, ७५ टक्क्यांवर म्हणजे ०.०१६५ वर आणतात. मग पडद्यावर आडवी आणि उभी हालचाल सारखी वाटते, पण गिरकीला ५२ च्या जागी ६९ सेंटिमीटर लागतात आणि वर्षानुवर्षं हाताने शिकलेलं वळण निकामी होतं. डोळा दोन आठवड्यांत जुळवून घेतो, हाताला फार वेळ लागतो. म्हणून जुळवून घ्यायचं काम डोळ्यावर सोडावं.

कापलेल्या कडांसाठी मात्र हाताला एक गोष्ट शिकवावी लागते. १६:९ मध्ये नजरेच्या मध्यापासून ५३ अंशांपर्यंत दिसतं, ४:३ मध्ये ४५ पर्यंतच. दारातून आत येताना शेजारच्या कोपऱ्यात ४८ अंशांवर कोणी उभा असेल तर पूर्वी त्याची कड दिसायची, आता तो पडद्यावरच नसतो. वरच्याच सेन्सिटिव्हिटीला हे आठ अंश भरून काढायला माउस जेमतेम १२ मिलिमीटर जास्त सरकवावा लागतो. हे अंतर फार नाही, पण ते प्रत्येक दारात आठवावं लागतं. रिकाम्या मॅपमध्ये एकट्याने फिरून, नेहमीच्या जागांवरून आत शिरताना कुठला कोपरा सुटतो ते शोधा. माझ्या मते या मांडणीतला खरा सराव हाच आहे. आणि जो खेळाडू बहुतेक वेळ मागून, बाजू सांभाळत खेळतो त्याला मी ४:३ सुचवणार नाही. त्याचं कामच कडेला काय हललं ते पाहण्याचं असतं.

फ्रेम, म्हणजे गेम सेकंदाला काढतो ती चित्रं, वाढतील का? १९२०×१०८० मध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४०×१०८० मध्ये त्यांच्या ७५ टक्के, १२८०×९६० मध्ये ५९ टक्के. पण काउंटर-स्ट्राइक २ अनेकदा कार्डावर नाही, प्रोसेसरवर अडतो. खऱ्या मॅचमध्ये, धूर आणि आग एकत्र पेटलेली असताना कार्डाचा वापर पाहा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर पिक्सेल कमी केल्याचा फायदा लगेच दिसेल. ६० च्या आसपास असेल तर १०२४×७६८ वर जाऊनही फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतील आणि चित्र मात्र खराब होईल.

हे सगळं काउंटर-स्ट्राइकचं झालं. दुसऱ्या गेममध्ये हेच आकडे घेऊन जाऊ नका. व्हॅलोरंटमध्ये आडवा कोन १०३ अंशांवर बांधलेला आहे. तिथे ४:३ निवडून ‘फिल’ केलं तर क्रॉसहेअर आणि बाकीच्या खुणा रुंद होतात, माणसं रुंद होत नाहीत. त्यासाठी मॉनिटरचा ड्रायव्हर बंद करण्यासारखे आडमार्ग लोक वापरतात. दर थोड्या दिवसांनी ते पुन्हा करावे लागतात, म्हणून मी त्या वाटेला जायला सांगत नाही. फोर्टनाइटमध्ये एके काळी ४:३ ला उभा कोन वाढत असे आणि खरोखर जास्त मैदान दिसे. २०१९ मध्ये हा गेम बनवणाऱ्या एपिकने तो फायदा काढून घेतला. नवीन गेममध्ये हात घालण्याआधी एकच पाहायचं: गुणोत्तर बदलल्यावर तो गेम उभा कोन धरून ठेवतो की आडवा.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांना ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र ४:३ च मिळतं, कारण ताणायचं काम त्याच्या पुढे होतं. सोर्सवर राइट क्लिक करून ‘ट्रान्सफॉर्म’ मधलं ‘स्ट्रेच टू स्क्रीन’ निवडलं की पट्ट्या जातात. आणि दुसऱ्याच्या मशीनवर स्पर्धा खेळायला जाताना एका कागदावर रिझोल्यूशन, हर्ट्‌झ, स्केलिंग कुठे लावलंय, क्रॉसहेअरचा कोड आणि सेन्सिटिव्हिटी लिहून न्या. तिथे बसल्याबसल्या आधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ मधल्या त्या दोन ओळी वाचायच्या, मग बाकीचं.